रक्तातील 'अ' जीवनसत्त्वाचे मापन

'अ', 'ड', 'ई' आणि 'के' ही जीवनसत्त्वे स्निग्धद्राव्य होत. रक्ताच्या जलीय प्रवाहात ती स्वतंत्रपणे वाहू शकत नाहीत. 'अ' जीवनसत्त्वाचे रक्तातील प्रमुख रूप रेटिनॉल हे एका वाहक प्रथिनाशी बद्ध असते. म्हणून रक्तरसात इथेनॉल मिसळून प्रथम हे बंधन तोडतात, हेक्झेनमध्ये रेटिनॉल उतरवून घेतात आणि द्रव वर्णलेखनाने इतर घटकांपासून ते विलग करतात. ३२५ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश ते किती शोषते, यावरून त्याचे प्रमाण ठरते. रातांधळेपणा टाळणारे हे द्रव्य स्वतः मात्र उजेडात नासते. नमुना अंधारातच जपावा लागतो.

आकडा अचूक असला तरी त्याचा अर्थ सरळ नसतो. प्रतिलिटर ०.७० मायक्रोमोलहून कमी रेटिनॉल हे कमतरतेचे लक्षण मानतात. परंतु यकृतातील साठा बराच आटेपर्यंत रक्तातील पातळी टिकून राहते. उलट संसर्गात साठा पुरेसा असूनही ती उतरते. तापाने फणफणलेल्या मुलाची कमतरता केवळ या आकड्यावरून ठरवणे म्हणूनच धोक्याचे. त्यासाठी सी-रिॲक्टिव्ह प्रोटीनसारखे दाहदर्शक घटकही सोबत मोजले जातात.