पळसाला पाने किती? मुलांना मोजू द्या

आम्ही पारशिवनीकर म्हणजे पेंचच्या जंगलाचे शेजारी. सुट्टीत नागपूरचे पाहुणे येतात आणि मुलांना जिप्सीत बसवून कोलितमाऱ्याकडून सफारीला नेतात. मागच्या दिवाळीत माझ्या बहिणीचा चौथीतला मुलगा सफारीहून रडवेला होऊन आला. "मावशी, काहीच नाही दिसलं!" काहीच म्हणजे वाघ. यात त्याची काय चूक? जंगल म्हणजे वाघ, असं आपणच सांगून नेतो ना!

दुसऱ्या दिवशी त्याला शेताच्या धुऱ्यावर पळसाखाली उभं केलं. 'पळसाला पाने तीनच' ही म्हण त्याला पाठ, पण पळस कधी पाहिलेला नाही. म्हटलं, मोज. पन्नासच्या पुढे गेला आणि म्हणाला, "म्हण खोटी आहे." इथे उत्तर सांगायची घाई करू नका. (मलाही तोंड दाबूनच बसावं लागलं.)

थोड्या वेळाने तीन-तीनची जुळणी त्यालाच दिसली. मग देठ फांदीला जिथे जुळतो, तिथे बघायला लावलं. तिथे बारीक कोंब असतो. तिघांपैकी एकेकाच्या बुडाशी मात्र तो नसतो. ज्याच्या बुडाशी कोंब, ते पान. म्हणजे ती तीन पानं नाहीतच, एका संयुक्त पानाच्या तीन पर्णिका आहेत. त्याने एकेक पर्णिका मधोमध दुमडली. मधलीचे दोन्ही भाग जुळले, कडेच्या दोघींचे नाही. इतकी वर्षं सममिती शिकवते, पण हे मी कधी करून पाहिलं नव्हतं!

जवळ पळस नसेल तर बेल घ्या. देवळाच्या आवारात सापडतो, त्याचंही त्रिदल हे एकच पान. काटे असतात, तेवढं सांभाळा. धुऱ्यावर जाताना मुलांच्या पायात बूट हवेत आणि गवतात आधी काठी आपटावी.

एक मात्र करा, त्याच झाडाकडे पुन्हा न्या. होळीच्या सुमारास पळसाची पानं झडलेली असतात आणि केशरी फुलांवर साळुंक्या, सूर्यपक्षी रसासाठी येतात. खाली पडलेली फुलं वेचून पाण्यात उकळली की रंग तयार.

यंदा होळीला आमचा पाहुणा आला तो थेट धुऱ्यावर. "मावशी, आता तर एकही पान नाही!" मग त्याने पिशवीभर फुलं वेचली, मी गंज चुलीवर ठेवला. वाघाचं नावही निघालं नाही.