व्हिसा मिळाला म्हणजे तयारी झाली?

जर्मन विद्यापीठांत शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांत आज भारतीयांचा गट सर्वांत मोठा आहे. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात त्यांची संख्या ४९ हजारांच्या वर गेली होती. त्यांतले बहुतेक जण पूर्ण पदवीसाठी जातात, पण आपल्या महाविद्यालयाने केलेल्या करारातून किंवा शिष्यवृत्तीवर एकाच वर्षासाठी जाणारेही असतात. घोटाळा असा होतो की, त्यांनाही सल्ला मिळतो तो पदवीसाठी जाणाऱ्यांचाच: पहिले दोन महिने धावपळीत जातात, मग बस्तान बसते. दोन-तीन वर्षे राहणाऱ्याला हे परवडते. एका वर्षाच्या विद्यार्थ्याचे गणित निराळे आहे. जर्मनीतले हिवाळी सत्र कागदोपत्री १ ऑक्टोबर ते ३१ मार्च असले, तरी व्याख्याने साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या पूर्वार्धापर्यंतच चालतात. यातले दोन महिने घर आणि कागदपत्रे यांच्या मागे गेले, तर एका सत्राच्या शिकवणीचा जवळजवळ निम्मा भाग हातचा जातो. म्हणून एका वर्षासाठी जाणाऱ्याने कोणते काम कशाच्या आधी करायचे, हे निघण्यापूर्वीच ठरवायला हवे. काही रूढ समजुती नेमक्या इथेच आड येतात.

गैरसमज: व्हिसा हातात आला की मोठे काम संपले

व्हिसामुळे देशात प्रवेश मिळतो, तिथला संसार मात्र पत्त्यावर उभा राहतो. नव्या घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्त्याची नोंदणी करावी लागते. तिला तिथे आनमेल्डुंग म्हणतात. या नोंदणीसाठी घरमालकाचे लेखी पत्र लागते. पुढे करक्रमांक आणि वास्तव्य परवाना यांची गाडी याच नोंदणीवर चालते. म्हणजे घर लांबले की मागची सगळी रांग लांबते. म्युनिक, बर्लिन अशा शहरांत विद्यार्थी वसतिगृहांच्या प्रतीक्षायाद्या अनेक महिन्यांच्या असतात, तेव्हा प्रवेशाचे पत्र येताच वसतिगृहासाठी अर्ज करावा, व्हिसाची वाट पाहत बसू नये. तात्पुरती खोली घेणार असाल, तर घरमालक नोंदणीचे पत्र देणार का, हे आधीच विचारून घ्यावे. पत्र न देणारी स्वस्त खोली शेवटी महाग पडते. अनामत रकमेलाही कायद्याची मर्यादा आहे: तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून अधिक रक्कम मागता येत नाही आणि ती तीन हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला आहे. करार हाती नसताना, घर कोणी पाहिलेले नसताना पैसे मागणारा माणूस बहुधा फसवणारा असतो.

गैरसमज: ब्लॉक्ड अकाउंट भरले की पैशांची चिंता मिटली

सप्टेंबर २०२४ पासून व्हिसासाठी या खात्यात वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. अनेक घरांत ही रक्कम फी समजली जाते. प्रत्यक्षात ते विद्यार्थ्याचेच पैसे असतात, फक्त महिन्याला ९९२ युरो या बेताने मिळतात, आणि तेही तिथे पोहोचून खाते सुरू केल्यानंतर. खर्च मात्र पहिल्याच महिन्यात एकदम कोसळतो: अनामत, पहिले भाडे, सत्रशुल्क, थंडीचे कपडे, अंथरूण-पांघरूण. त्यासाठी वेगळी रक्कम हाताशी नसेल, तर खात्यात लाखो रुपये असूनही उसनवारीची वेळ येते. आरोग्य विम्याचेही असेच आहे. प्रवास विमा सुरुवातीच्या दिवसांपुरता असतो. विद्यापीठात नाव नोंदवताना आरोग्य विम्याचा पुरावा लागतो आणि त्याचा हप्ता दर महिन्याला द्यावा लागतो.

यावर म्हटले जाते की, तिथे काम करून खर्च भागवता येईल. मार्च २०२४ पासून विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करण्याची मुभा आहे, हे खरे. पण मुभा असली म्हणून काम मिळतेच असे नाही. कामचलाऊ जर्मन येईपर्यंत आणि कागदपत्रे पूर्ण होईपर्यंत पहिले सत्र सरते. काम मिळाले तर उत्तम, पण अंदाजपत्रक त्याच्याविना जुळले पाहिजे. याउलट, परदेशी पैसे पाठवताना आधीच वसूल होणाऱ्या टीसीएस या कराची अनेकांना धास्ती असते. १ एप्रिल २०२५ पासून आर्थिक वर्षात १० लाख रुपयांपर्यंतच्या रकमेवर तो लागत नाही, आणि मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या पैशांवर मुळीच लागत नाही. जो लागतो तोही बुडीत जात नाही. पैसे पाठवणाऱ्याने प्राप्तिकर विवरणपत्रात दाखवला की देय करातून वळता होतो किंवा परत मिळतो.

गैरसमज: तिथे उत्तीर्ण झालो की इथे क्रेडिट आपोआप जमा होतात

युरोपीय पद्धतीत पूर्ण वर्षाच्या अभ्यासाचे ६० क्रेडिट मानले जातात. आपल्याकडच्या नव्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला १२० क्रेडिट आहेत, म्हणजे वर्षाला ४०. त्यामुळे आकडा जसाच्या तसा उतरत नाही. गुणांकनही उलटे आहे: तिथे १.० सर्वोत्तम, ४.० म्हणजे काठावर उत्तीर्ण आणि ५.० म्हणजे नापास. आपल्या दहापैकी गुणांच्या श्रेणीला सरावलेल्या कार्यालयात १.३ हा आकडा पाहून गैरसमज होणे अगदी शक्य आहे. म्हणून कोणत्या विषयाऐवजी कोणता विषय आणि गुणांचे रूपांतर कसे, याचा तक्ता निघण्यापूर्वी दोन्ही विद्यापीठांच्या सहीने तयार हवा. तिथे गेल्यावर विषय बदलला, तर बदलाची संमतीही लेखीच घ्यावी. आणखी एक गोष्ट अनेकांना उशिरा कळते: जर्मनीत वर्गात बसणे म्हणजे परीक्षेला बसण्याची सोय झाली असे नव्हे. बहुतेक ठिकाणी परीक्षेसाठी वेगळी नोंदणी असते आणि तिची मुदत चुकली की अख्खा विषय हुकतो. शिवाय तिथली उन्हाळी व्याख्याने जुलैपर्यंत चालतात, परीक्षा त्याहून पुढेही जाऊ शकतात. आपली महाविद्यालये मात्र जून-जुलैत सुरू होतात. परतल्यावर बुडालेल्या आठवड्यांचे काय, हे विचारण्याची वेळ जाण्यापूर्वीची आहे.

गैरसमज: सुरुवात नवलाईत जाते, त्रास झाला तर पुढे बघू

या समजुतीला एका जुन्या अभ्यासाचा आधार दिला जातो. १९५५ मध्ये स्व्हेरे लिसगार्ड यांनी अमेरिकेहून परतलेल्या नॉर्वेजियन शिष्यवृत्तीधारकांच्या मुलाखतींवरून मांडले की, सहा ते अठरा महिने राहिलेल्यांना जुळवून घेणे सर्वाधिक जड गेले. त्यातून आधी आनंद, मग घसरण, मग सावरणे असा आलेख रूढ झाला. पण त्या मुलाखती परतलेल्या वेगवेगळ्या लोकांच्या होत्या. त्याच माणसांची महिनोन्महिने पाहणी झालेली नव्हती. १९९८ मध्ये कॉलीन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडमध्ये शिकायला आलेल्या जपानी विद्यार्थ्यांची पहिल्या दिवसापासून वर्षभर पाहणी केली, तेव्हा सर्वाधिक ओढाताण अगदी आरंभीच दिसली आणि पुढे ती कमी होत गेली. प्रत्येकाचे असेच होईल असा याचा अर्थ नाही. पण सुरुवातीचा काळ सुखाचाच जाईल, या भरवशावर आधाराची सोय लांबवता येत नाही, एवढे यातून नक्की कळते.

हा आधार कुठे मिळतो, हेही आधीच माहीत हवे. जर्मनीत ५७ विद्यार्थी सेवासंस्था आहेत. खानावळी आणि वसतिगृहे चालवण्याबरोबरच मानसिक व सामाजिक समुपदेशनाचे कामही त्या करतात. तिथे जाणे हा कमकुवतपणा नव्हे, खानावळीत जेवण्याइतकाच तो विद्यार्थ्याचा हक्क आहे. दोन्ही विद्यापीठांतल्या समन्वयकांची नावे, तातडीच्या मदतीचा ११२ हा क्रमांक आणि घरी बोलण्याची ठरलेली वेळ, इतके तरी निघण्यापूर्वी लिहिलेले असावे. दोन्ही देशांच्या घड्याळांत उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक असतो, म्हणून ही वेळही ऋतूप्रमाणे सरकवावी लागते.

एवढे हाताशी दिले तर मुले स्वावलंबी कशी होणार, हा आक्षेप मनापासूनचा असतो. पण नोंदणीच्या रांगेत तीनदा परत पाठवले जाण्यातून स्वावलंबन येत नाही, फक्त वेळ जातो. परक्या भाषेत वर्गात हात वर करणे, अनोळखी गटात काम करणे, आपले मत प्राध्यापकांपुढे मांडणे यांतून ते येते, आणि त्यासाठी डोके मोकळे लागते. लहान महाविद्यालयांत परदेशी विद्यार्थ्यांसाठी वेगळा विभाग नसतो, हेही खरे. पण परतलेल्या विद्यार्थ्याने तारखा, कागदपत्रे आणि चुका यांची दोन पाने महाविद्यालयाकडे ठेवून जावीत, यासाठी वेगळा विभाग लागत नाही. तशी रीत पाडावी लागते. पुढच्या वर्षी जाणाऱ्याचे पहिले दोन महिने त्या दोन पानांनी वाचतील.