टाइप करताय, तरी 'सेशन एक्स्पायर्ड' का?

पेठमध्ये घरी बसून मी मोबाईलवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरत होतो. अर्धा तास टाइप करून 'सबमिट' दाबलं, तर 'सेशन एक्स्पायर्ड'! सगळं गायब.

होतं असं: लॉगिन केल्यावर सर्व्हर ब्राउझरला एक ओळखक्रमांक देतो. तो कुकीमध्ये राहतो. तुमच्याकडून काही आलं, की सर्व्हरचं घड्याळ पुन्हा शून्यावर जातं. पण बऱ्याच साइटवर टाइप केलेलं 'सबमिट' होईपर्यंत फोनमध्येच असतं. सर्व्हरला वाटतं, तुम्ही उठून गेलात.

सायबर कॅफेत लॉगआउट विसरलात, तर तुमचं खातं पुढच्याच्या हाती लागू नये, म्हणून ही सोय. मात्र वेळ संपण्याआधी सूचना देऊन मुदत वाढवायला किमान २० सेकंद द्यावेत, असा मार्ग २००८ च्या 'डब्ल्यूसीएजी २.०' या वेब-मानकातच दिलाय.

तोवर लांब उत्तरं आधी नोट्समध्ये लिहा, कागदपत्रं तयार ठेवा आणि 'सेव्ह ड्राफ्ट' असेल तर अधूनमधून दाबत राहा.