श्राव्यातीत परीक्षण, पैदाशीच्या मेंढ्यांचे

पैदाशीसाठी निवडलेल्या मेंढ्याची (नराची) जननेंद्रिये श्राव्यातीत ध्वनीच्या (दर सेकंदास २०,००० पेक्षा अधिक कंपने असलेल्या व म्हणून मानवी कानास ऐकू न येणाऱ्या ध्वनीच्या) साहाय्याने तपासण्याची पद्धत. व्यवहारात तिला सोनोग्राफी म्हणतात. कातडीला छेद न देता वृषण व अधिवृषण (वृषणाला चिकटून असलेली, शुक्राणू पक्व होण्याची व साठण्याची वेटोळी नलिका) यांची अंतर्रचना पडद्यावर पाहता येणे, हे तिचे वैशिष्ट्य होय.

महत्त्व : कळपात सर्वसाधारणपणे ३० ते ४० माद्यांमागे एक नर ठेवतात. एखादी मादी वांझ निघाल्यास तिच्यापुरतेच नुकसान होते; नर वंध्य असल्यास मात्र त्याच्याकडे सोपविलेल्या सर्व माद्यांचा हंगाम वाया जातो. गर्भावधी सुमारे १५० दिवसांचा असल्याने गर्भतपासणी न केलेल्या कळपात ही गोष्ट पुष्कळदा विण्याच्या वेळीच लक्षात येते. बांधेसूद व माद्यांवर आरूढ होणारा नरही वंध्य असू शकतो. त्यामुळे केवळ बाह्य रूपावरून निवड करणे धोक्याचे ठरते.

तत्त्व व पद्धती : एषणीतील (अंगावर टेकवावयाच्या भागातील) दाबविद्युत् स्फटिक विद्युत् दाबामुळे कंप पावतात व ध्वनितरंग निर्माण करतात. निरनिराळ्या ऊतकांच्या (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहांच्या) सीमांवरून परतणाऱ्या प्रतिध्वनींपासून प्रतिमा तयार होते. मेंढ्यांसाठी सामान्यतः ५ ते १० मेगॅहर्ट्‌झ कंप्रता वापरतात. कंप्रता जितकी अधिक तितके बारकावे स्पष्ट दिसतात. पण तरंग कमी खोलीपर्यंत पोहोचतात. नराला उभे धरून किंवा ढुंगणावर बसवून मुष्कावरील लोकर कातरतात, कातडीला जेल लावतात व दोन्ही वृषणांचे उभे व आडवे छेद पाहतात. त्यानंतर वृषणाच्या तळाशी असलेले अधिवृषणाचे पुच्छ तपासतात. दोन्ही बाजूंची तुलना करणे आवश्यक असते.

निरोगी वृषण एकसारख्या करड्या छटेचे व बारीक कणीदार दिसते. त्याच्या मध्यभागी संयोजी ऊतकाच्या गाभ्याची उजळ रेषा असते. अधिवृषणाचे पुच्छ त्यापेक्षा काळसर व कमी एकजिनसी दिसते. मुष्कात साठलेला द्रव काळा दिसतो, तर कॅल्शियमाचे निक्षेप पांढरे शुभ्र दिसतात व ते मोठे असल्यास त्यांच्या मागे छाया पडते. गळू, तंतुमय झालेले ऊतक आणि शुक्राणू नलिकेबाहेर पडल्यामुळे झालेल्या गाठी यांचाही माग लागतो.

सांसर्गिक अधिवृषणशोथ : या पद्धतीचा उपयोग ज्यात स्पष्टपणे दिसून येतो असा हा रोग ब्रूसेला ओव्हिस या जंतूमुळे होतो. १९५३ मध्ये न्यूझीलंड व ऑस्ट्रेलिया येथे या रोगाच्या जंतूचे वर्णन करण्यात आले. रोगात अधिवृषणाचे, विशेषतः त्याच्या पुच्छाचे, आकारमान वाढते, ते कठीण होते व शुक्राणूंचा मार्ग अडतो. पुढे वृषणाचा क्षय होतो. संसर्ग एका नराकडून दुसऱ्याकडे प्रत्यक्ष संपर्काने, तसेच एकाच मादीशी लागोपाठ झालेल्या समागमातून पसरतो. सूज वृषणात आहे की अधिवृषणात व ती कितपत पसरली आहे, हे श्राव्यातीत परीक्षणाने ठरविता येते. तथापि सर्वच बाधित नरांत अशी विकृती आढळत नाही. त्यामुळे प्रतिमा निर्दोष असली, तरी रक्ततपासणी टाळता येत नाही.

मर्यादा : श्राव्यातीत परीक्षणाने रचना दिसते, कार्य प्रत्यक्ष दिसत नाही. शुक्राणूंची हालचाल व त्यांतील विकृत शुक्राणूंचे प्रमाण रेत सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच कळते. कामेच्छा माद्यांच्या सान्निध्यातच पारखावी लागते. थोडेसे कॅल्शियम निक्षेप असलेल्या नराचे रेत चांगले असू शकते. याउलट कडक उन्हामुळे किंवा ज्वरामुळे रेत बिघडलेल्या नराची प्रतिमा निर्दोष दिसू शकते. मुष्काचा परीघ हे साधे मापही उपयुक्त असते. अमेरिकेत ८ ते १४ महिने वयाच्या नरासाठी किमान ३० सेंमी. व त्यापुढील वयासाठी ३३ सेंमी. परीघ समाधानकारक मानतात. पण लहान चणीच्या भारतीय जातींना हे निकष जसेच्या तसे लावणे योग्य नाही.

शुक्राणू तयार होऊन अधिवृषणातून बाहेर पडण्यास सुमारे दोन महिने लागतात. म्हणून हंगामाच्या तितकेच आधी तपासणी करणे हितावह असते. तात्पुरता दोष आढळलेल्या नराची पुन्हा तपासणी करण्यास त्यामुळे अवधी मिळतो व चांगला नर अकारण बाद होत नाही. स्पर्शपरीक्षा, परीघाचे माप, रेतपरीक्षा व रक्ततपासणी यांच्या जोडीनेच श्राव्यातीत परीक्षणाचा निष्कर्ष ग्राह्य धरावयाचा असतो.