कर्जाचा वाद आणि जाणकाराचा शब्द

शहापूर-मुरबाडकडे बियाण्याला पैसा कमी पडला, की घरच्या पाटल्या कल्याणच्या सराफाकडे जातात. मग घरात वाद होतो. आजी म्हणते, "अब्रू गेली." मुलगा म्हणतो, "पण पेरणी झाली ना!" दोघांचेही खरेच असते. १९९१ साली आपल्या देशावर हाच प्रसंग आला होता.

आखाती संकटाने तेल महागले होते. परदेशस्थ भारतीय आपल्या ठेवी काढून नेत होते. सरकारने रुपयांत काढलेले कर्ज येथल्या येथे निभावता येते. तेलवाल्याला मात्र डॉलरच मोजावे लागतात. ते जूनपर्यंत जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते उरले. शेतीच्या पंपाला डिझेल कोठून आणायचे, असा हा साधा प्रश्न होता.

अशा वेळी शब्द कुणाचा मानावा? नुसती पदवी पाहून हे ठरत नाही. मधु दंडवते हे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. अर्थमंत्री या नात्याने मार्च १९९०च्या अंदाजपत्रकात महागाईचे आणि परदेशी देण्याच्या ओढाताणीचे मूळ त्यांनी सरकारी तुटीत दाखविले. जुलै १९९१मध्ये अर्थशास्त्राचे पंडित डॉ. मनमोहन सिंग यांनीही त्याच तुटीवर बोट ठेवले. तूट वाढली त्या काळात डॉ. सिंगही रिझर्व्ह बँकेत आणि नियोजन मंडळात मोठ्या पदांवर होते. तेव्हा आपण काय केलेत, असे त्यांना विचारणे रास्तच. पण माणसाला प्रश्न विचारला म्हणजे हिशेब खोटा ठरत नाही.

हिशेबाची परीक्षा कृतीत होते. मे महिन्यात चंद्रशेखर सरकारच्या काळात वीस टन सोने स्विस बँकेला विकले गेले. जुलैत, निवडणुकीनंतर आलेल्या नरसिंह राव सरकारच्या काळात, सुमारे सत्तेचाळीस टन सोने इंग्लंड आणि जपानच्या मध्यवर्ती बँकांकडे तारण गेले. एकमेकांविरुद्ध लढलेल्या पक्षांना एकच वाट धरावी लागली, तेव्हा अडचण खरी होती, एवढे निश्चित समजावे. ती कुणामुळे आली आणि तिचा भार कुणी सोसावा, हा वाद मात्र त्याने मिटत नाही. तो लोकांनीच करावयाचा.

म्हणून गुरुजी, वर्गात कर्जाचा आकडा सांगाल तेव्हा मुलांना पुढचेही विचारायला शिकवा: हे कर्ज रुपयांत की डॉलरमध्ये? ते फेडायचे केव्हा? आणि हाताशी आहे किती? याची उत्तरे जो सरळ देतो, त्याचा शब्द ऐकावा. मग तो कोणत्याही पक्षाचा असो.