जुन्या गाडीचा धूर बघून घ्या

होटगीहून सोलापूरला कडक भाकरी, शेंगाचटणी न्यायला आम्ही गटातल्या बाया जुनी गाडी बघतोय. नजर आहे टाटाच्या सुपर एसवर. इंजिन 1405 सीसी, चार सिलिंडर, टर्बो डिझेल. टनभर माल ओढते. पहिल्या छोट्या हत्तीला दोनच सिलिंडर होते, टर्बो नव्हता.

टर्बो म्हणजे इंजिनच्या धुरावर फिरणारा पंखा. तो आत जादा हवा कोंबतो. त्याला वंगण मिळतं ते इंजिनच्याच ऑईलचं. लांबून भरून आलेली गाडी लगेच बंद केली, की ऑईल थांबतं आणि तापलेलं बेअरिंग जळतं. मिनिटभर नुसती चालू ठेवायची. आमच्या आधीच्या गाडीचा टर्बो आमच्याच घाईने गेला, सहा महिन्यांची बचतही गेली.

गाडी बघायला सकाळी जा, इंजिन गार असताना. मालकाने आधीच तापवून ठेवली असेल, तर दुसऱ्या दिवशी या. निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय. टर्बो किंवा पिस्टन, खर्च मोठा. काळा धूर पुष्कळदा चोंदलेल्या एअर फिल्टरचा, तो स्वस्तात निघतो. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केटची शंका घ्या. टायमिंग बेल्ट बदलल्याचं बिल मागा. नसेल, तर नव्या बेल्टचे पैसे किमतीतून कापा.