बेवारस मृताची तसबीर

वर्तमानपत्राचे आयुष्य एका सकाळचे असते. महिनाअखेरीस ते रद्दीवाल्याच्या तराजूत जाते आणि त्यातील छायाचित्रेही वजनाच्या भावाने विकली जातात. १९९२-९३ च्या दंगलींत मुंबई होरपळत असताना 'टाइम्स ऑफ इंडिया'त होशी जल यांनी टिपलेले एक छायाचित्र प्रसिद्ध झाले होते. रस्त्यावर मरून पडलेला एक अनोळखी माणूस, एवढाच त्याचा विषय. असंख्य वाचकांनी ते पाहिले असेल, क्षणभर हळहळ व्यक्त केली असेल आणि पान उलटले असेल.

विवान सुंदरम यांनी मात्र पान उलटले नाही. १९४३ साली सिमल्यात जन्मलेला, बडोद्यात व पुढे लंडनमध्ये शिकलेला हा चित्रकार अमृता शेरगिल यांचा भाचा. तैलरंगांवर त्यांचे उत्तम प्रभुत्व होते. त्या मृत माणसाचे करुण चित्र रंगविणे त्यांना अवघड नव्हते. तरीही १९९३ साली दिल्लीत त्यांनी 'मेमोरियल' या नावाने जे मांडले, त्यात रंगविलेले चित्र असे जवळजवळ नव्हतेच. त्याच वृत्तपत्रीय छायाचित्राच्या प्रती होत्या आणि त्यांवर लोखंडी खिळे दाटीने ठोकलेले होते. प्लास्टरमध्ये घडविलेली मृताची आकृती काचेच्या पेटीत निजविलेली होती. पत्र्याच्या ट्रंका एकावर एक रचून उभारलेली एक कमानही होती.

खिळे ठोकले की कला झाली काय, असा प्रश्न सामान्य वाचकाच्या मनात येईल आणि तो गैर नाही. संमिश्र माध्यमाच्या नावाखाली आज पुष्कळ भंगार दालनांत मांडले जाते व त्यातील बरेचसे भंगारच राहते. परंतु या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी कलादालनापर्यंत जाण्याचीही गरज नाही. आपल्या घरातील भिंतीकडे पाहावे. दिवंगत आजोबांची तसबीर, तिच्यावर चंदनाच्या सालींचा हार, काचेवर कुंकवाचे बोट आणि खाली विजेचा छोटा लाल दिवा. कागद, लाकूड, काच, कुंकू, वीज! या तसबिरीत कोणी रडताना दाखविलेले नसते. तरी घरात पाऊल टाकणाऱ्याला तेथील शोक समजतो. तो आजोबांच्या चेहऱ्यात नसून त्या वस्तूंत आणि त्या वाहणाऱ्या हातांत असतो.

आपल्या काव्यशास्त्राने शोक हा स्थायीभाव मानला आणि अश्रू, विलाप इत्यादी त्याचे अनुभाव सांगितले. चित्रकलेनेही दीर्घकाळ चेहरा आणि देहाचा आविर्भाव यांवरच भिस्त ठेवली. 'मेमोरियल'मध्ये अश्रूंची जागा लोखंडाने घेतली आहे. ठोकलेला खिळा मृताला पुन्हा एकदा जखम करतो आणि तोच खिळा त्याच्यावर कवच घालून त्याला झाकतोही. हिंसा आणि माया ही दोन्ही एकाच वस्तूने व्यक्त व्हावीत, ही किमया कुंचल्याच्या एका फटकाऱ्याला साधणे कठीण. ट्रंकांच्या कमानीचेही तसेच. पोटासाठी मुंबईत येणारा माणूस आपला संसार ट्रंकेत घालून आणतो. त्या जानेवारीत हजारो माणसे तोच संसार घेऊन रेल्वेने शहराबाहेर पडली. राजाच्या विजयासाठी दगडी कमान बांधतात, येथे ती पत्र्याची आहे.

या रीतीला युरोपात शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. १९१२ साली पिकासोने वेताच्या विणीची नक्षी छापलेले मेणकापड चित्रावर चिकटविले आणि त्याला चौकटीऐवजी दोरखंड गुंडाळला. पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मनीत कुर्ट श्विटर्सने तिकिटे, चिटोरे, तुटके लाकूड जुळवून चित्रे केली आणि १९१९ साली त्यांना 'मर्झ' असे नाव दिले. हा शब्द त्याला एका बँकेच्या जाहिरातीतील 'कोमेर्झ' म्हणजे व्यापार या शब्दाचा तुकडा म्हणून सापडला होता. व्यापार मोडून पडल्यावर त्याच्या नावाचा तुकडा कलेच्या कामी यावा, हा योगायोग अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे.

सुंदरम यांच्या बाबतीतही वस्तूची निवड आणि तिचे अर्थकारण यांचा संबंध जवळचा होता. १९९१ च्या आखाती युद्धावर त्यांनी जी चित्रे केली, ती कोळसा आणि इंजिन ऑइल यांनी. ज्या तेलासाठी माणसे मारली गेली तेच तेल कागदावर डागांच्या रूपाने पसरले. काही चित्रांच्या पायथ्याशी तर ते थाळ्यांत भरून ठेवलेले होते. त्याच तेलाच्या महागाईने आपल्या परकीय चलनाच्या गंगाजळीला आधीच लागलेली ओहोटी अधिक तीव्र केली आणि जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेला सुमारे ४७ टन सोने तारणासाठी परदेशी पाठवावे लागले. ते दूरचे युद्ध इथल्या गॅरेजमधल्या काळ्या तेलाने दाखविणे ही केवळ कल्पकता नव्हती.

'मेमोरियल'वर एक आक्षेप मात्र झटकून टाकता येणार नाही. ज्याची संमती घेता आली नाही अशा मृताच्या देहाचे प्रदर्शन मांडावे काय? त्यावर खिळे ठोकण्याचा अधिकार कलावंताला कोणी दिला? हा अधिकार कोणीच दिला नव्हता, हे मान्य करावे लागते. पण त्या माणसाला वृत्तपत्रात छापतानाही त्याची संमती नव्हती आणि वाचकांनी त्याला रद्दीत टाकला तेव्हाही नव्हती. निदान येथे त्याला एक छप्पर मिळाले. पुढे २०१४ साली सुंदरम पुन्हा या मांडणीकडे वळले. आज ती लंडनच्या टेट संग्रहालयाच्या संग्रहात आहे. मार्च २०२३ मध्ये सुंदरम यांचे निधन झाले.

या दंगलींची चौकशी न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने केली आणि १९९८ साली अहवाल सादर केला. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ या दोन महिन्यांत ९०० माणसे मृत्युमुखी पडल्याची नोंद त्यात आहे. त्यांपैकी ५७५ मुसलमान, २७५ हिंदू आणि ५ इतर होते. उरलेले ४५ 'अज्ञात' आहेत. त्यांचा धर्मही ठरविता आला नाही, मग घर कोठून सापडणार? कोणत्याही भिंतीवर त्यांची तसबीर असण्याचा संभव नाही.